हाताला सुई नको

लग्न होऊन निरगुडसरला आले तेव्हा सासूबाईंचा सकाळचा चेहरा आणि दुपारचा चेहरा वेगळा असतो, हे माझ्या आठच दिवसांत लक्षात आलं. सकाळी डोळ्यांखाली सूज, ओठ जाड, गळ्याच्या शिरा टरारून वर आलेल्या. नऊ-दहा वाजेपर्यंत सगळं हळूहळू उतरायचं. मला वाटायचं, रात्रभर रडत असतील. नव्या सुनेनं विचारायचं तरी कसं?

आमच्यात सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्यांचं नाव द्रौपदा, मामांचं भागुजी. घरात आम्ही चौघं. माझा नवरा राजरत्न चाकणला कंपनीत आहे, आठवड्याच्या सुट्टीला येतो.

आत्यांच्या डाव्या खांद्याखाली पेसमेकर आहे, हे मला लग्नाआधीच सांगितलं होतं. चौदा वर्षांपूर्वी त्या दोन-तीनदा चक्कर येऊन पडल्या. हृदयाचे ठोके मिनिटाला तीसवर आले होते, म्हणून पुण्यात मशीन बसवलं. मशीन म्हणजे काडेपेटीएवढा डबा, आणि त्यातून निघून शिरेच्या आतून हृदयापर्यंत गेलेल्या दोन वायरी. पाच वर्षांपूर्वी बॅटरी बदलली तेव्हा एक वायर खराब निघाली. ती आत तशीच ठेवून शेजारून तिसरी घातली. यातलं काहीच कुणी लपवलं नव्हतं. लपवलं होतं ते त्यानंतर सुरू झालेलं.

वैशाख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही बायका विहाराची फरशी पुसत होतो. आत्या वाकून पुसत होत्या. उठल्या तेव्हा चेहरा जांभळा झालेला, डोळे लाल. भिंतीला धरून त्या मिनिटभर उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "ऊन लागलं." विहारात ऊन कुठून येणार?

घरी आल्यावर मी दार लावलं आणि म्हटलं, "आत्या, मला दाखवा." बऱ्याच वेळानं त्यांनी पदर बाजूला केला. छातीवर, खांद्यावर, पार पोटापर्यंत निळ्या शिरांचं जाळं पसरलं होतं. डावा दंड उजव्याच्या दीडपट. हे वर्षभर असंच चाललं होतं आणि मामांनासुद्धा त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता.

राजरत्ननं रजा टाकली आणि आम्ही त्यांना पुण्याला नेलं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी हातातून औषध सोडून पडद्यावर दाखवलं. काळी रेघ दंडातून वर सरकली, खांद्याच्या हाडाखाली आली आणि थांबली. पाटाला दगड लावला की पाणी बांध फोडून मिळेल तिकडं पळतं, तशी ती तिथून बारीक बारीक फाटे फोडत पसरली.

"एका शिरेत तीन वायरी," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्याभोवती जाळी धरलीय. हातांकडून आणि डोक्याकडून हृदयात येणारी मोठी शीर जवळजवळ बंद आहे. रक्त आडवाटेनं खाली उतरतंय. म्हणून वाकलं, आडवं झालं की चेहरा फुगतो."

"मग?" राजरत्ननं विचारलं.

"जुन्या वायरी काढायच्या, शीर फुग्यानं मोकळी करायची, नवीन वायरी घालायच्या. पण वायरी शिरेला चिकटलेल्या असतात. सोडवताना शीर फाटू शकते. शंभरात एक-दोघांच्या जिवावर बेततं."

आत्या उठल्या. "चला," म्हणाल्या.

डॉक्टरांनी जबरदस्ती केली नाही. रक्त पातळ करायची गोळी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घ्यायची, महिन्याला रक्त तपासायचं, उशाला उंच घेऊन झोपायचं, फार वेळ वाकायचं नाही, असं सगळं सांगितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या दिसता. एक लक्षात ठेवा. कधी सलाईन लावायची वेळ आली तर हाताला सुई नको. हातातून दिलेलं औषध वेळेवर पोचेलच असं नाही, आणि सूज आणखी वाढेल. सुई पायाला." फाइलच्या पहिल्या पानावर त्यांनी ते लाल शाईनं लिहिलं. मी त्या पानाचा आणि पडद्यावरच्या चित्राचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवला. मी ओतूरच्या कॉलेजात बी.कॉम. झालेय. दवाखान्यातलं मला काही कळत नाही, पण लिहिलेलं जपून ठेवता येतं.

आत्यांनी गोळ्या सुरू केल्या. एक अट मात्र घातली. "भाईर कुणाला सांगायचं न्हाई. आपल्या घरातच ऱ्हाऊ दे."

सहा महिने मी ती पाळली.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या ठमाबाई दारात आल्या. त्यांच्या कांद्याला खुरपणीला बाया कमी पडत होत्या. "द्रौपदा मागच्या साली आली व्हती. औंदा तिला काय झालं? सूनबाई आली म्हणून राणी झाली व्हय?" त्या हसत म्हणाल्या, पण मला ते लागलं. मी बोलून गेले, "मावशी, त्यांची छातीतली शीर बंद आहे. वाकलं की तोंड सुजतं. आडवंसुद्धा होता येत नाही त्यांना."

संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं. दोघी-तिघी चौकशीला आल्या. आत्यांनी त्यांना चहा पाजला, त्या गेल्यावर कप विसळले आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तू मला गावात उघडं पाडलंस."

त्यानंतर तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. गोळीची डबीसुद्धा त्यांनी माझ्या कपाटातून काढून स्वतःच्या उशाखाली नेली.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी कांद्याला पाणी देत होते. मामा पहाटेच कांद्याच्या पिशव्या भरून ओतूरच्या बाजाराला गेले होते. म्हशीला हिरवा घास कापायचं काम माझं, पण त्या दिवशी आत्या विळा घेऊन एकट्याच बांधाकडं गेल्या. मी पाहिलं, पण हाक मारली नाही. अबोला होता ना.

मग त्यांचीच हाक आली. "साक्षे!"

चार दिवसांत त्यांच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदाच निघालं. मी पळाले. आत्या बांधावर बसल्या होत्या आणि उजवा पाय दोन्ही हातांनी धरला होता. घोट्याच्या वर रक्ताचे दोन ठिपके. घासात कुकरची शिट्टी दबकी सुटावी तसा आवाज येत होता.

"घोणस हाय," त्या म्हणाल्या. "वाकले व्हते. डोळ्याम्होरं अंधारी आली. दिसलंच न्हाई मला."

मी त्यांना काखेत धरून दहा पावलं मागं ओढलं. ओरडले. ठमाबाई आणि त्यांचा मुलगा गोरख पलीकडच्याच वावरात होते, ते धावत आले. गोरखची पिकअप गाडी रस्त्यावर उभी होती. ठमाबाईंनी पदराची किनार फाडायला घेतली. "बांध पाय, करकचून बांध."

"नाही मावशी, बांधायचं नाही. कॉलेजात सांगितलंय आम्हाला. पाय हलवायचा नाही, बस."

"मग आडवी कर तिला. गाडीत मागं आडवी कर."

"आडव्या नाही होता येत त्यांना..."

ठमाबाई थांबल्या. "आगं हां. ती शीर." मग त्यांनी पुढच्या सीटवरची टोमॅटोची क्रेट खाली ओढली, तिथं गोधडीची वळकटी लावली आणि गोरखला म्हणाल्या, "टेकून बसव. उभी बसव तिला." आम्ही तिघांनी मिळून आत्यांना उचललं. मी त्यांच्या आणि गोरखच्या मध्ये कशीबशी शिरले.

गाडी निघाली. मी मामांना फोन लावला. लिलाव चालू असणार, उचलला नाही. राजरत्नचा बंद. कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. सुपरवायझरचा नंबर माझ्याकडं नव्हता.

"काल गोळी घेतली का, आत्या?"

"घेतली."

"खरं सांगा."

"घेतली म्हन्ते ना. आठ वाजता."

सापाच्या विषानं रक्त गोठत नाही, आणि या तर रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या. हे माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आलं. गोळी चुकवली असती तर बरं झालं असतं का? मला काहीच समजत नव्हतं. फाट्याच्या गतिरोधकावर गाडी आदळली. आत्यांनी पदर तोंडाला लावला. काढला तेव्हा त्यावर लाल डाग होता.

"दाढ दुखावली," त्या म्हणाल्या.

दाढ नव्हती. हिरड्यांतून रक्त येत होतं. मी गोरखकडं पाहिलं. त्यानंही पदर पाहिला होता. त्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. उसाचे ट्रॅक्टर, शाळेची पोरं, एसटी, सगळं बाजूला सारत त्यानं पंचवीस मिनिटांत आम्हाला सरकारी दवाखान्याच्या दारात आणलं.

तिथं सोमवारची गर्दी होती. साप म्हटल्यावर लगेच आत घेतलं, ते बरं झालं. वॉर्डबॉय आत्यांना खाटेवर आडवं करायला लागला तेव्हा मी म्हटलं, "पाठीमागं उंच करा, झोपवू नका." त्यानं खाटेचं डोकं वर केलं. तेवढ्यात नर्स आल्या. वयस्क, झपझप काम करणाऱ्या. आत्यांच्या डाव्या दंडाला त्यांनी रबर आवळलं.

"सिस्टर, हाताला नको. पायाला लावा."

"पायाला? साप कुठं चावलाय?"

"उजव्या पायाला. तुम्ही डाव्या पायाला लावा. त्यांची छातीतली शीर बंद आहे, पेसमेकरच्या वायरींनी. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"ताई, बाजूला व्हा. एवढ्या मोठ्या मोठ्या शिरा हातावर असताना पायात कुठं शोधत बसू?"

खरंच, त्यांच्या हातावर शिरा दोरखंडासारख्या फुगल्या होत्या. कुठल्याही नर्सला वाटावं, यापेक्षा सोपी सुई नाही. त्या फुगल्यात त्याच पुढं रस्ता बंद आहे म्हणून, हे वरून दिसत नव्हतं. सुई एका झटक्यात आत गेली. बाटली लटकवली. नर्स दुसऱ्या खाटेकडं गेल्या.

मी बाटलीकडं बघत राहिले. थेंब पडायचा, थांबायचा, मग पडायचा. पाच मिनिटांत आत्यांचा दंड ताठ झाला. मग गळा. मग गाल. "साक्षे, कानात काय तरी वाजतंय," त्या म्हणाल्या. आवाज जाड झाला होता. डोळ्यांच्या पापण्या मिटत आल्या.

मी नळीवरची फिरवायची चकती खाली ओढून बाटली बंद केली. असं करायचा मला काही अधिकार नव्हता. मागून सिस्टर ओरडल्या, "ओ, हात लावू नका!" मी तोवर पडदा सारून पलीकडं गेले होते. तिथं एक तरुण डॉक्टरीण एका मुलाच्या डोक्याला टाके घालत होती.

"मॅडम, माझ्या सासूबाईंना घोणस चावलीय. तुम्ही एकदा येऊन त्यांची छाती बघा. फक्त बघा. मग हाताला लावा म्हणालात तर मी गप्प बसेन."

त्यांनी वर पाहिलं.  हातातला टाका पूर्ण केला, हातमोजे काढले आणि आल्या. त्यांच्या कोटावर नाव होतं, डॉ. रत्ना. मी मोबाइलवरचा फोटो पुढं धरला आणि रक्त पातळ करायच्या गोळीचंही सांगितलं. त्यांनी तो पाहिला, मग आत्यांचा पदर बाजूला केला. निळ्या शिरांवरून बोट फिरवलं.

"हातातली सुई काढा," त्या म्हणाल्या. "डावा पाय. आणि काढलेल्या जागेवर बोळा दाबून धरा, सोडू नका. रक्त थांबणार नाही."

सिस्टर कामाला लागल्या. पण पायात शीर सापडेना. एकदा टोचलं, नाही. दुसऱ्यांदा, नाही. टोचलेल्या प्रत्येक जागेतून रक्ताची बारीक धार येत होती आणि ती दाबायला मी आणि गोरख होतो. एक बोळा त्याच्या हाताखाली, दोन माझ्या. तिसऱ्या खेपेला डॉ. रत्ना स्वतः गुडघ्यावर बसल्या. घोट्याच्या आतल्या बाजूला बोटानं चाचपलं, डोळे जवळजवळ मिटून, आणि सुई घातली. बाटलीतले थेंब सरळ, एकामागोमाग पडायला लागले.

त्याच सुईतून त्यांनी आधीच थोडं रक्त घेऊन काचेच्या कोरड्या नळीत घातलं होतं. ती नळी खिडकीत उभी केली. "वीस मिनिटं हिला कुणी हलवायचं नाही. गोठलं तर ठीक. नाही गोठलं तर विष रक्तात आहे."

वीस मिनिटं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं आणि नळीकडं बघत होते. आत्यांचा चेहरा जरा उतरला होता, पण उजवा पाय गुडघ्यापर्यंत तडतडून सुजला होता. दुखतंय असं त्या म्हणत नव्हत्या. खाटेची कड तेवढी घट्ट धरली होती.

"तुला सांगते," त्या अचानक बोलायला लागल्या. "मशीन बसवायच्या आधी मी शाळंत खिचडी करायची. आठ वर्सं केली. पोरं मला खिचडीवाली आज्जी म्हनायची, तवा मी चाळीसचीबी नव्हते. मग चक्कर येऊन पडले, मशीन बसवलं, आन् परत गेले तर म्हंले, नको. चुलीजवळ पडलीस तर जिम्मेदारी कुणाची? दुसरी बाई ठिवली. मी लई सांगितलं, आता बरी हाय. न्हाई ऐकलं." त्या थांबल्या. दम लागला होता. "मानसाला आजारी ठरवलं ना, की समदे त्याच्या हातातलं काम काढून घेत्यात. म्हणून म्हंले, कुणाला सांगू नको."

"बोलू नका आत्या."

"चार दिस बोलले न्हाई. आता बोलू दे."

मला रडू फुटायला लागलं. तेवढ्यात डॉ. रत्ना आल्या. नळी उचलली, हळूच आडवी केली. रक्त पाण्यासारखं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला वाहत गेलं.

त्या तशाच उभ्या राहिल्या. नळीकडं बघत म्हणाल्या, "गोळीमुळं की विषामुळं? शेवटचा रक्ताचा रिपोर्ट कधीचा?"

"नऊ दिवसांपूर्वीचा. दोन पॉइंट चार." तोही फोटो माझ्याकडं होता.

"म्हणजे गोळी नेमकी होती. गोळीनं रक्त उशिरा गोठतं, पण वीस मिनिटांनी इतकं पातळ राहायला नको. शिवाय हिरड्यांतून येतंय, पाय चढतोय." त्या स्वतःशीच बोलत होत्या. मग वळल्या. "सिस्टर, सापाच्या औषधाच्या दहा व्हायल. लगेच. आणि ही गोळी आजपासून बंद."

सापाचं औषध डाव्या पायातून वर चढायला लागलं. पंधरा मिनिटं बरी गेली. मग आत्यांना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, पोटावर लाल गांधी उठल्या, रक्तदाब घसरला. "औषधाचीच रिॲक्शन आहे," डॉ. रत्ना म्हणाल्या आणि मांडीत इंजेक्शन दिलं. बाटली थांबवली. आता डॉक्टर तिथून हलल्या नाहीत. खाटेच्या कडेला उभ्या राहून यंत्रावरचा ठोक्यांचा आकडा बघत राहिल्या. मीही तोच बघत होते. पासष्ट. साठ. साठ. आकडा साठाच्या खाली काही उतरला नाही. ज्या वायरींनी शीर बंद केली होती त्याच वायरींतून मशीन ठोके देत होतं. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडूनच मी आशाही धरून होते.

अर्ध्या तासानं गांधी मावळल्या. बाटली पुन्हा सुरू झाली, हळू.

तीनच्या सुमाराला मामा आले. कांदा बाजारात तसाच सोडून कुणाच्या तरी मोटरसायकलवर आले होते. ते दारातच थांबले, आत यायला घाबरले. मी त्यांना हाताला धरून खाटेजवळ नेलं. आत्यांनी डोळे किलकिले करून विचारलं, "जेवला का?" मामांनी मान हलवली. होय की नाही, ते कळलं नाही. सात वाजता राजरत्न आला. गणवेशावरच आला होता.

संध्याकाळी दुसरी नळी लावली. वीस मिनिटांनी आडवी केली. रक्ताचा वरचा भाग जरा थरथरला, पण वाहिला नाही. खाली गोठून बसलं होतं.

धोका तिथं संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी लघवी काळपट आणि कमी झाली, म्हणून त्यांना पुण्याला हलवलं. रुग्णवाहिकेत मी फाइलचं ते लाल शाईचं पान पिनेनं त्यांच्या चादरीला लावलं होतं. पुण्यात नऊ दिवस काढले. डायलिसिस लागेल, नाही लागणार, असं पाच दिवस चाललं. लागलं नाही. घोट्यावरची कातडी मात्र काळी पडून गेली आणि जखम भरायला पुढं दीड महिना लागला.

घरी सोडायच्या दिवशी हृदयाचे डॉक्टर आले. गोळी पुन्हा सुरू करायची होती. ते निघत असताना आत्यांनी त्यांना थांबवलं.

"डॉक्टर, त्या वायरी काढायचं तुमी आतापर्यंत कितीजनांचं केलं?"

"दोनशे अठरा."

"त्यातलं किती गेलं?"

डॉक्टरांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, "दोन."

"बाया व्हत्या का बाप्ये?"

"एक बाई. एक गृहस्थ."

आत्यांनी पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "फेब्रुवारीत करा. कांदा निघू द्या." मामा काही तरी बोलायला गेले, तर त्यांनी नुसता हात वर केला. "त्या दिवशी मला साप दिसला न्हाई. डोळ्याम्होरं अंधारी आली म्हणून दिसला न्हाई. असं किती दिस काढू मी?"

ऑपरेशन फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात झालं. शेजारच्या खोलीत छाती उघडायची तयारी ठेवून सर्जन उभे होते, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. अडीच तास म्हणाले होते, पाच तास लागले. चौथ्या तासाला आतून एक माणूस धावत बाहेर आला आणि रक्ताच्या दोन पिशव्या घेऊन धावत आत गेला. राजरत्न जिन्यात जाऊन बसला. मामा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी दोघांमध्ये येरझाऱ्या घालत होते. कुणाजवळ थांबावं हे कळत नव्हतं.

डॉक्टर आले तेव्हा त्यांची टोपी घामानं भिजली होती. "आहेत. बऱ्या आहेत," हे आधी सांगून मग ते खुर्चीत बसले. तीन वायरींतल्या दोन निघाल्या. उरलेली, जुन्या दोनांपैकी एक, शिरेच्या भिंतीत रुतली होती. ओढायला गेल्यावर रक्त आलं, म्हणून तिथंच थांबले. मोकळ्या झालेल्या वाटेनं नवीन वायरी घातल्या, शीर फुग्यानं उघडली, पण निम्मीच. गोळी आयुष्यभर. सुई पायालाच.

आता जून चाललाय. आत्या चारऐवजी दोन उशांवर झोपतात. सकाळी चेहरा सुजतो, पण चहा होईपर्यंत उतरतो. डावा दंड अजून जाड आहे आणि तो तसाच राहील असं दिसतं. घास मी कापते.

गेल्या गुरुवारी घाटघरहून एक बाई दोन एसट्या बदलून आमच्या घरी आल्या. सरूबाई त्यांचं नाव. कुणाच्या तरी सोयरिकीत ठमाबाईंनी आत्यांची सगळी गोष्ट सांगितली होती, ती त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनाही सहा वर्षांपूर्वी मशीन बसवलेलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मला बाहेर जायला सांगावं अशा नजरेनं आत्यांकडं पाहिलं. आत्या म्हणाल्या, "ती हितंच बसंल. तुमी बोला."

सरूबाईंनी बाही वर केली. हात बोटांपर्यंत सुजला होता. तीन आठवडे झाले, म्हणाल्या. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. भात लावणी तोंडावर आली होती, सून बाळंतपणाला माहेरी गेली होती.

आत्यांनी स्वतःचा पदर बाजूला केला आणि त्यांना आपल्या छातीवरच्या शिरा दाखवल्या. मग त्यांच्या दंडावर अंगठा दाबला. उचलला तेव्हा तिथं खळगा पडला होता. तो भरून येईना.

"साक्षे," आत्या म्हणाल्या, "डॉक्टरला फोन लाव. आत्ताच्या आत्ता." आणि सरूबाईंचा हात त्यांनी सोडला नाही.